हद्दीचा दगड

एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवून सलोमीआत्या मागे वळली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं. तिच्यामागे माणसं खोळंबली होती, कंडक्टर करवादत होता.

"शमू, रूथकडं ध्यान ठेव," ती म्हणाली. "मी माघारी येस्तवर तिच्या अंगावर रस्ता येता कामा न्हाई."

"नाही येणार. मी आहे ना."

"सबद दे."

"दिला. आता चढ, लोक थांबलेत."

ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला चालली होती. तिथं माझी बहीण नर्स होती, महिना-दीड महिना तिच्याकडेच राहायचं ठरलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पण एस.टी. हलेपर्यंत ती खिडकीतून ऑपरेशनबद्दल एक शब्दही बोलली नाही. रूथ, रूथ आणि रूथ.

रूथ तिची एकुलती मुलगी. चार वर्षांची असताना पटकीनं गेली, त्याला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. त्या आठवड्यात आमच्या ख्रिस्ती वस्तीत सात माणसं गेली. आत्याचा नवरा त्याच साथीत आठवा गेला, पण तो तालुक्याच्या दवाखान्यात, त्याला तिकडेच पुरलं. माझी आई मी दोन वर्षांचा असताना वारली होती, म्हणून मग आत्यानं मला जवळ घेतलं. मला वाढवताना तिनं कधी मला रूथच्या जागी धरलं नाही, आणि कधी परकंही केलं नाही. ती रूथची आई होती आणि माझी आत्या होती. हे दोन हिशेब तिनं कधी एकमेकांत मिसळले नाहीत.

आमच्या सावरदऱ्याचं चर्च १८७१ सालचं. तेव्हा इथं इंग्रजांचा अमल संपायचा आणि निजामाची मोगलाई सुरू व्हायची. चर्चपुढच्या दीड एकर माळावर त्या हद्दीचा दगड होता. माणसाच्या छातीएवढा, काळा, एका अंगाला मराठी अक्षरं आणि दुसऱ्या अंगाला फारसी. पटकीचे ते सात जण याच माळावर पुरले होते. खऱ्या दफनभूमीची वाट गावातून जायची आणि पटकीची मढी गावातून नेऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून त्या वेळच्या पाळकांनी दिवस मावळताना सगळ्यांना माळावर पुरलं आणि कुणाला कळू नये म्हणून वरून नांगर फिरवला. ना उंचवटा, ना दगड, ना क्रूस. पुढे बाकीची घरं पुण्या-मुंबईला गेली. माळावर वेड्या बाभळी माजल्या. त्या सातांची आठवण ठेवणारी एकटी आत्या उरली.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे कबरींना चुना देतात. आत्या दरवर्षी त्या दिवशी पहाटे चुन्याचा डबा घेऊन एकटीच बाभळीत शिरायची. तिच्या येण्याजाण्यानं तिथं एक पायवाट पडली होती. चर्चच्या पायऱ्यांवरून मला ती झाडांतून अर्धीमुर्धी दिसायची. हद्दीच्या दगडाला पाठ लावून थोडा वेळ उभी राहायची. मला वाटायचं, दम खातेय, नाहीतर प्रार्थना करतेय. मग झाडांआड जायची. परत आली की बोटं पांढरी असायची. जमिनीवर ती चुन्याचा हातभर क्रूस काढायची, तो पहिल्या वळवात धुऊन जायचा. मला तिनं कधी बरोबर नेलं नाही, आणि मीही कधी चल म्हटलं नाही.

त्या वर्षी रस्ता रुंद व्हायचा होता, आणि नकाशावर तो थेट माळावरून जात होता. मी शाळामास्तर. गावात इतिहास शिकवणारा आणि इतिहासाचं वेड असलेला मीच एकटा. मी अर्जांवर अर्ज केले. शेवटी पुरातत्त्व खात्यातल्या एका साहेबांनी, कुलथे त्यांचं नाव, अर्ज वाचला आणि ते स्वतः जीप घेऊन आले. बाभळीतून वाट काढत दगडापाशी पोचले, दोन्ही अंगांची अक्षरं त्यांनी बोटांनी चाचपली.

"मास्तर, चीज आहे ही," ते म्हणाले. "चर्च आणि दगड मिळून इथं खात्याचा फलक लागू शकतो. फलक लागला की रस्ता पलीकडून वळवावाच लागेल."

माझा जीव भांड्यात पडला.

"फक्त एवढंच वाटतं," जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "हे रस्त्यावरून कुणाला दिसणार? वरचे साहेब येतील ते गाडीतून खाली उतरतीलच असं नाही."

ते एवढंच म्हणाले. दगड हलवा असं ते म्हणाले नाहीत. ते डोकं माझं.

आत्या गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी कामाला लागलो. रस्त्याच्या कामावरचा मुकादम यल्लप्पा माझ्या ओळखीचा होता, त्याची दोन मुलं माझ्या वर्गात होती. त्यानं माणसं लावून बाभळी तोडल्या, बुंधे जाळले. दगडाला साखळदंड बांधून ट्रॅक्टर लावला. दगड वर दिसत होता त्याहून जास्त खोल निघाला. हलला तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. रस्त्याच्या कडेला, फलकासाठी ठरवलेल्या जागेशेजारी, आम्ही तो सिमेंटात उभा केला. मराठी अक्षरं रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावीत.

फलकाच्या समारंभाच्या मांडवासाठी माळ सपाट करायचा होता. बुलडोझर आला तेव्हा मी स्वतः त्याच्यापुढे चालत होतो.

"वीतभरसुद्धा खाली जायचं नाही," मी ड्रायव्हरला दहादा बजावलं. "खाली आमची माणसं आहेत."

त्यानं हात जोडले आणि खरोखरच वरवर पातं फिरवलं. दगडाचा खड्डा बुजवला. वर सगळीकडे मुरूम टाकून रोलर फिरवला. एकाही हाडाला धक्का लागला नाही. दिलेला शब्द मी असा पाळत होतो.

फलकाचा मजकूर मी नऊ वेळा लिहिला. 'सावरदरा चर्च. स्थापना १८७१. येथे इंग्रजी अमल संपून निजामाची मोगलाई सुरू होत असे. शेजारचा दगड त्या हद्दीचा.' निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. वरचे साहेब आले, गाडीतून उतरलेसुद्धा. हार झाले, पेढे झाले, पाळकांनी प्रार्थना केली. पंधरा दिवसांत रस्ता पलीकडच्या बाजूनं वाढला आणि माळ वाचला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात माझं नाव होतं. मी ते कात्रण आत्यासाठी घडी घालून बायबलमध्ये ठेवलं.

उत्तम शुक्रवारी संध्याकाळी आत्या आली. एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, वर काळा चष्मा. दुसरा डोळा तसाच, त्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर व्हायचं होतं. एस.टी.तून उतरल्या उतरल्या तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"रस्ता?" तिनं विचारलं.

"वळला. पलीकडून गेला. माळ आहे तसा आहे."

ती तिथंच, स्टँडवर, ओंजळीत तोंड घालून रडली. मग पदरानं चष्म्याखालून डोळा टिपायला गेली तर मी ओरडलो, "डोळ्याला हात लावू नको!" तशी ती हसायला लागली.

"माजी रूथ तुज्यामुळं वाचली रं," ती म्हणाली. "द्येव तुला कमी करनार न्हाई."

आहे तसा आहे, असं मी तिला म्हणालो होतो. मला ते वाक्य आजही ऐकू येतं. मला तिला दुसऱ्या दिवशी थाटात नेऊन फलक दाखवायचा होता, वाचून दाखवायचा होता, म्हणून मी बाकी काही बोललो नाही. जेवताना तिनं दोन भाकरी खाल्ल्या. चुना भिजवलाय का, एवढं विचारलं, आणि झोपली.

सकाळी मी उठलो तेव्हा तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि खुंटीवरचा डबा नव्हता. मला थोडा रागच आला. सगळी गंमत गेली, आता एकटीच जाऊन बघेल, असं वाटलं. पायात चपला सरकवून मी निघालो.

नुकतं उजाडलं होतं. चर्चच्या वळणावरून मला ती दिसली. रस्त्याच्या कडेला, फलकाशेजारी, दगडाला पाठ लावून उभी होती. तोंड उगवतीकडे. बोटांनी मागची अक्षरं चाचपत होती. फलकाकडे तिनं पाहिलंही नव्हतं, त्या डोळ्यांना तो दिसणारच नव्हता. तिनं चपला काढून दगडाशी ठेवल्या. मग टाच दगडाला टेकवली आणि पुढे पाऊल टाकलं. मग दुसरं. सारखी, मापून टाकल्यासारखी पावलं. तिचे ओठ हलत होते.

मी जवळ पोचलो तेव्हा ऐकू आलं.

"आठ. नऊ. धा. अकरा."

ती थांबली आणि गुडघ्यांवर बसली. डबा उघडला. रस्त्याच्या मधोमध.

वळणावरून ट्रक येत होता. मी हात वर करून धावलो. त्यानं करकचून ब्रेक दाबला, आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिचा तळवा डांबरावर होता, आणि ती तो पुन्हा पुन्हा फिरवत होती.

"शमू," ती म्हणाली, "ह्ये डांबर हाय."

"आत्या, ऊठ. आधी कडेला चल."

"तू सबद दिला व्हतास. वळला म्हनालास. रूथवर रस्ता आला की रं."

"नाही आला! शपथ घेतो, नाही आला. माळ तिकडं आहे, मागं. आपण रस्त्यावर आहोत."

"मंग दगूड?"

मी तिला दंडाला धरून कडेला आणलं.

"दगड मी इकडं आणला," मी म्हणालो. "लोकांना दिसावा म्हणून."

 चुन्याचं बोट तिनं तसंच वर धरलं होतं.

"मला वाटलं, बाभळी तोडल्या म्हनून लवकर घावला," ती म्हणाली. "हात लावून बगितला. त्योच व्हता." मग अगदी हळू विचारलं, "कुठून आनलास, ती जागा दाव."

मी तिला माळावर नेलं. दीड एकर मुरूम. रोलरनं दाबलेला, एकसारखा, तांबूस. झाड नाही, झुडूप नाही, पायवाट नाही. मी मध्ये उभा राहिलो आणि चर्चकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. इथं असेल वाटलं. दहा पावलं सरकलो, तर तिथंही तसंच वाटलं. दगड बाभळीत होता एवढंच मला आठवत होतं, आणि बाभळी मीच जाळल्या होत्या.

"थांब, यल्लप्पाला आणतो," मी म्हणालो आणि पळत सुटलो.

रस्त्याच्या कामावरची माणसं पुलापाशी पालं ठोकून राहत होती. यल्लप्पा तोंडात दात घासायची काडी घेऊनच आला. त्यानं डोळे बारीक केले, चालत जाऊन एका जागी टाच रोवली.

"इथं, मास्तर. ट्रॅक्टर तिकडून लावला हुता."

त्याचा भाऊ मागून आला होता. "खुळा झालास काय?" तो म्हणाला. "ट्रॅक्टर अल्याडून हुता. खड्डा त्यो तकडं." दोघांच्या जागांत वीस-पंचवीस हातांचं अंतर. दोघं भांडायला लागले. मी त्यांना घरी पाठवून दिलं.

आत्या त्या दोन जागांमधून अनवाणी फिरत होती. वाकून मुरूम हातात घ्यायची, चुरगाळायची, टाकायची.

"माज्या पायांना हितलं कायबी वळखू येईना," ती म्हणाली.

मग तिनं मला सगळं सांगितलं. नांगर फिरवायच्या आधी पाळकांनी प्रत्येक घरच्या माणसाला दगडापाशी उभं केलं होतं. दगडाला पाठ, उगवतीला तोंड, आणि आपापल्या पावलांनी मोजायचं. कुणाची सहा, कुणाची चौदा. रूथची अकरा. आकडा कुणाला सांगायचा नाही, कारण गावाला कळलं तर उकरून काढतील. ज्यानं त्यानं आपल्या पोटात ठेवायचा. ते सगळे तसेच ठेवून गेले. आत्यानंही ठेवला. गावातली सारी भीती केव्हाच संपली होती, पोरं त्या माळावर बोरं वेचत होती, तरी तिनं तो आकडा कुणाला सांगितला नव्हता.

माझा तोल गेला. चूक माझी होती म्हणूनच गेला असावा.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी तिच्यावर ओरडलो. "एवढी वर्षं! एका शब्दानं बोलली असतीस तर दगडाला मी बोट लावलं असतं का?"

तिनं माझ्याकडे तोंड केलं. काळ्या चष्म्यात मला मीच दिसत होतो.

"तू इचारलंस कवा?" ती म्हणाली.

रागानं नाही. खरंच आठवून पाहत असल्यासारखं. मी त्या मुरमावर बसलो आणि रडलो. चाळीस वर्षांचा बाप्या मी, दोन मुलांचा बाप, गावचा मास्तर. शंभर वर्षांपूर्वीची हद्द मला माहीत होती. ज्या बाईनं मला वाढवलं ती बाभळीत जाऊन काय करते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मी मुरूम काढतो," मी थोड्या वेळानं म्हणालो. "सगळा काढतो. खाली दगडाचा खड्डा सापडेल. नाही सापडला तर आणखी खाली..."

"कुदळ लावायची न्हाई." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "सात जनं निजल्यात खाली. सारी उकरून माजी कुठली ती हुडकनार का?"

डब्यातल्या चुन्याचं पाणी वर आलं होतं. तिनं बोट बुडवलं, वाकली, आणि तशीच थांबली. कुठं काढायचा ते तिला कळेना. इकडं वळली, तिकडं वळली. चुन्याचे थेंब मुरमावर पडत गेले. शेवटी तिनं बोट लुगड्याला पुसलं आणि डब्याला झाकण लावलं.

"चल घरी," ती म्हणाली. "ऊन लागतंय डोळ्याला."

त्यानंतर सात वर्षं ती जगली. या विषयावर तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. बोल लावला असता तर मी कुठंतरी मोकळा झालो असतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं करून घेतलं नाही, आता काय बघायचंय म्हणाली. चुन्याचा डबा खुंटीवरच राहिला. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ती पहाटे उठायची, आंघोळ करायची, आणि दारात येऊन बसायची. मी बाहेर निघालो की पाय आखडून घेऊन मला वाट द्यायची.

शेवटच्या आठवड्यात तिचं खाणं सुटलं होतं. मी उशाशी बसलो होतो.

"मला दफनभूमीत नेऊ नको," ती म्हणाली. "माळावर पुर."

"माळावर कुठं, आत्या?"

"कुठंबी," ती म्हणाली. "जवळपास आसंलच की कुठंतरी."

पाळकांची परवानगी मी काढली. खणायला यल्लप्पाचीच मुलं आली, आता हाताशी आलेली, कधीकाळी माझ्या वर्गात बसणारी. जागा मी दाखवली. का तीच दाखवली, ते मला सांगता येणार नाही. माळाच्या मध्यावर मुरमातून थोडं गवत उगवलं होतं, तिथं मी बोट केलं.

"हळू," मी म्हणालो.

ती हळू खणत होती. मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलो होतो. प्रत्येक फावडं वर आलं की मी हात आडवा करायचो, माती बोटांनी चाळायचो, आणि मग टाकू द्यायचो. काही निघू नये म्हणून माझा जीव जात होता. आणि काहीतरी निघावं, एवढंसं काही, निदान एवढं तरी निघावं, म्हणूनही जात होता. मुलं एकमेकांकडे बघत होती.

"हळू," मी म्हणत राहिलो. "हळू रे, हळू."

मुरूम संपला, काळी माती लागली. मग पांढरी. पुरुषभर खोल गेल्यावर मोठा पोरगा फावडं टेकून उभा राहिला.

"मास्तर, बास झालं का?"

मी खाली उतरलो. खड्ड्याच्या चारी बाजूंवरून हात फिरवला. सगळीकडे नुसती माती होती.

"बास," मी म्हणालो.